भर दुपारची निज

विहिरीचं पाणी मचूळ झालं हे आम्हाला मुळ्याच्या पानांनी सांगितलं. पानांच्या कडा अशा करपल्या की कोणी उदबत्ती लावून फिरवली असावी. मग तांबडी भाजी वीतभर वाढून थांबली. बाबांनी कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, बाजूला थुंकले आणि म्हणाले, "दर्याचो पाय हयसर पोचलो."

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमची बाव घराच्या मागे, माडांच्या पलीकडे. तिथून समुद्र दिसत नाही, गाज मात्र ऐकू येते. त्या बावीच्या पाण्यावर बाबांनी परसातल्या तुकड्यात दर हिवाळ्यात भाजी केली. मुळा, तांबडी भाजी, वालीच्या शेंगा. पहाटे काढायची, केळीच्या सोपटाने जुड्या बांधायच्या आणि पहिल्या एसटीने कट्टा गावच्या बाजारात न्यायची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बीएस्सी झाले, बीएड झाले, आणि आता त्याच कट्ट्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. बाजारात बाबा जिथे गोणपाट टाकून बसायचे त्या जागेवरून रोज जाते. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांची गाडी असते. तरी तिथून जाताना माझी चाल आपोआप हळू होते.

आई मी कॉलेजात असतानाच गेली. दादा मुंबईला नोकरीत, त्याचं तिथे घर आहे. इथे मी आणि बाबा. दादा दर फोनवर बाबांना बोलवायचा आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "भाजी कोण बगतला?" दोन उन्हाळे बाव मचूळ राहिली. पाऊस पडला की पाणी जरा गोडं व्हायचं आणि भाजीच्या दिवसांत पुन्हा खारट. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी वाफे केलेच नाहीत. कुदळ माळ्यावर टाकली आणि मला म्हणाले, "हाताक काम नाय थंय माका बसान खावचा नाय. मी जातंय दादाकडे. थंय निदान नातवाक शाळेत पोचवीन."

बाबा एकदाच मुंबईला गेले होते, दादाच्या वास्तुशांतीला. खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे. परत आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काय नाय गो. थंय पायाक जमीनच लागणा नाय." ते तिथे किती टिकतील याची मला भीती होती. ती त्यांनाही असावी. म्हणून तर शिमग्यापर्यंत थांबतो म्हणाले. दादा शिमग्याला गावी येतो, त्याच्याबरोबर जायचं ठरलं.

मातीशिवाय, हवेत मुळं लोंबत ठेवून भाजी करतात हे मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात पाहिलं होतं. झाकणाचा एक मोठा टब. झाकणाला भोकं पाडून त्यात जाळीचे पेले बसवायचे, पेल्यात रोप. मुळं खाली अंधारात लोंबतात. तळाशी खत घातलेलं पाणी आणि पंप. पंप बारीक तोंडांतून धुक्यासारखं पाणी मुळांवर उडवतो, ते ठिबकून पुन्हा तळाशी जमतं. पाणी फार लागत नाही. नळाला एक दिवसाआड येणारं गोडं पाणी पुरणार होतं. मी सामान मागवलं. कुरिअरवाला आमच्या वाडीपर्यंत येईना, म्हणून स्कूटी घेऊन कसालला गेले आणि पुढे पायाशी खोका ठेवून घरी आणला.

टब पडवीत मांडला. बाबा खुर्चीवरून बघत होते. सगळी गोष्ट टायमरवर अवलंबून होती. टायमरला दोन बटणं. एकाने पाणी किती वेळ उडायचं ते ठरतं, दुसऱ्याने किती वेळ बंद राहायचं ते. मी आधी शाळेतल्या भाषेत सांगायला लागले, मुळांना प्राणवायू लागतो वगैरे. बाबांनी मध्येच विचारलं, "पाणी आसा तर मदी मदी बंद कित्याक?"

"सारखी भिजली तर मुळां कुसतत, बाबानू. तेंका वारो पण होयो."

"मगे बंद आसताना ती करतत काय?"

"निजतत," मी म्हटलं.

ते हसले. मलाही माझा शब्द आवडला. पोरांना शिकवताना असा एखादा शब्द सापडला की तास सोपा जातो. मी चिकटपट्टीचे दोन तुकडे घेतले. एकावर मार्करने 'पाणी' लिहिलं, दुसऱ्यावर 'निज', आणि बटणांखाली लावले. बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली.

सुरुवात छान झाली. वीस सेकंद पाणी, चार मिनिटं निज. आठवड्यात मुळं शेवयांसारखी पांढरी सुटली. बाबा झाकण जरासं उचलून बघायचे आणि चटकन खाली ठेवायचे, आत कोणी झोपलंय अशा बेताने. शेजारची काकी बघायला आली. तिने वाकून आत पाहिलं आणि मला म्हणाली, "टीचर, भाजयेक फासार दिलंस काय गो?"

बाबा म्हणाले, "फासार नाय, झोपाळ्यार बसवल्यान."

खूप दिवसांनी ते असे कोणाला उलट बोलले होते. त्या रात्री दादाचा फोन आला तेव्हा मुंबईचा विषय त्यांनी काढला नाही.

मग एका सोमवारी संध्याकाळी घरी आले तर रोपांनी माना टाकल्या होत्या. पंप चालू होता, धुकं उडत होतं. मला वाटलं पाणी कमी पडतंय. 'निज' चार मिनिटांवरून तीनवर आणली. मंगळवारी संध्याकाळी तीच तऱ्हा, मग दोनवर आणली आणि 'पाणी' तीस सेकंद केलं. सकाळी रोपं ताठ, मी शाळेत जाताना हसतमुख. संध्याकाळी परतले की मलूल. तोंडं चोंदली असतील म्हणून ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, सुईने साफ केली. लाईट जात असेल म्हणून काकीला विचारलं, तर ती म्हणाली, "ह्या आठवड्यात खंय गेली लाईट? माजी सिरियल एक दिवस चुकाक नाय." बाबांना विचारलं, पंप मध्येच बंद पडतो का? ते म्हणाले, "पडणा नाय. बरो चलता." ते खोटं बोलत नव्हते. मी चुकीचा प्रश्न विचारला होता.

मला सर्वांत जास्त फसवलं रविवारांनी. रविवारी मी घरी. सकाळपासून टबाशी बसलेली, हातात घड्याळ. त्या दिवशी रोपं दिवसभर छान राहायची. मला वाटायचं, जमलं, हाच आकडा बरोबर. आणि सोमवारी पुन्हा तेच. मी पंधरवडाभर असे आकडे फिरवत होते. शाळेत फळ्यावर लिहीत असताना मनात सेकंद मोजत असायचे. एका मुलीने विचारलंसुद्धा, "टीचर, बरं नाही का तुम्हाला?"

मग मुळं बिघडली, आणि दोन्ही बाजूंनी बिघडली. टोकं सुकून तपकिरी, हाताला कडक लागायची. वर पेल्याशी मात्र बुळबुळीत, आणि झाकण उघडलं की कुसका वास. तहानेने सुकलेलं आणि पाण्याने कुजलेलं एकाच मुळावर कसं असेल? पुस्तकात सुकलेल्या मुळाचा उपाय होता आणि कुजलेल्या मुळाचाही, पण ते एकमेकांच्या उलट होते. मी पडवीच्या पायरीवर बसून रडले. बाबा आत होते. ते बाहेर आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावंदे गो बाय. नाय जमला तर नाय जमला. शिमगो येतलोच आता."

मला समजवायलाच ते बोलले. पण मला वेगळंच ऐकू आलं. त्यांच्या आवाजात आवराआवर होती.

शाळेचे एक जुने कर्मचारी वारले आणि त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी भर दुपारी घरी पोचले. स्कूटी माडाखाली लावली आणि काहीतरी वेगळं वाटलं. पडवीतून आवाज येत नव्हता. चढून वर गेले. पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती. पंपाचं बटण बंद होतं. टबाच्या झाकणावर आमचा पितळेचा तांब्या उपडा ठेवला होता, आणि टबाला पाठ लावून चटईवर बाबा झोपले होते.

तो उपडा तांब्या बघितला आणि मला सगळं कळलं.

आमच्या वाडीत भर दुपारी बावीवर कोणी जात नाही. जेवणं झाली की दोर वर ओढून ठेवायचा आणि कळशी काठावर उपडी घालायची. बाव निजली, ही त्याची खूण. कोणी म्हणतं तेवढ्या वेळात झरे भरतात, कोणी म्हणतं ती राखणदाराची, वाडी राखणाऱ्या देवाची, फिरायची वेळ, पाणी खवळलेलं त्याला चालत नाही. लहानपणी तहान लागली तरी आजी सावली कलेपर्यंत थांबवायची. दुपारी झाडाला पाणी घालणं तर पापच. मूळ शिजतं म्हणतात. मी याच घरात वाढले. हे सगळं मला माहीत होतं. पण टायमरवर 'निज' लिहिताना मला बावीची आठवण झाली नव्हती.

बाबा जागे झाले. मला बघून दचकले नाहीत, उलट ओठांवर बोट ठेवलं. "हळू. निजलली आसत."

"बाबानू, ह्या रोज बंद करतात?"

"रोज. मुळां लांब सुटली तेवापासून. जेवलंय की बंद, च्याय झाली की चालू." मग जरा काळजीने, "कित्याक? येळ चुकली?"

"माका कधी सांगूक नाय तुमी."

"त्यात काय सांगूचा? तूच म्हणालंस, मुळां निजतत. ता मशीन घडये घडये निजवता, पण दुपारची निज ती निज. आयतवारी तू आसतंस, ता तुजा काम म्हणान मी हात लावणंय नाय."

मी खाली बसले. काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं होतं आणि मला बाबांशी खोटं बोलता येत नाही. सांगितलं. मातीत मूळ असतं तेव्हा दुपारी माती त्याला सांभाळते, ओल धरते. इथे माती नाही. इथे धुकं थांबलं की मूळ उघडं पडतं, आणि दुपारच्या झळीत ते तेवढ्या वेळात वाळतं. मग मी संध्याकाळी येऊन पाणी वाढवते आणि रात्रभर ते कुजतं.

ते ऐकत राहिले. मग तांब्या उचलून मांडीवर घेतला. "म्हणजे माज्या हातान मेली."

"माज्या शब्दान मेली, बाबानू. 'निज' मी लिवलंय."

"ह्या हातान आजवर एक रोप मेलेला नाय," ते म्हणाले. माझं वाक्य त्यांनी ऐकलंच नसावं. "खारा पाणी आयला, ता दर्यान केल्यान. ह्या मी केलंय." संध्याकाळी त्यांनी स्वतः दादाला फोन लावला. एरवी दादा लावतो. पलंगावर बसून मोठ्याने म्हणाले, "शिमग्याक येतलंस तेवा माजा तिकीट पण काढ."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना भाजीच्या बियांची पाकिटं घेतली. घरातला दुसरा, लहान टब होता त्याचं झाकण कापलं. बाबा म्हणाले, "आता कित्याक ह्यो उपद्व्याप?"

"दोन टब. दोघांका एकच टायमर, एकच पाणी. एक माजो, एक तुमचो. तुमचो दुपारचो निजवा, माजो निजवू नका. मगे बघूया."

"माका शाळेत घालतंस?"

"व्हय."

"फी किती?" ते म्हणाले. पण ते हसले नाहीत, आणि मीही नाही. नुसतं शिमग्यापर्यंत त्यांच्या हाताला काहीतरी द्यावं एवढंच माझ्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांना शिकवायचंही होतं. हे दोन्ही मला तेव्हा वेगळं करता आलं नाही, अजूनही येत नाही.

आकडे मी पुन्हा मूळ जागी आणले, वीस सेकंद आणि चार मिनिटं. लहान टब बाबांचा, त्याच्या पंपाच्या वायरला वेगळं बटण लावलं. रोपं लावली. आता थंडी पडली होती. बाबांच्या टबातली रोपं दुपारी जरा सैलावायची आणि संध्याकाळी उभी राहायची. दोन्ही टब सारखेच दिसत. बाबा दोन्हींवरून सारखाच हात फिरवायचे. पण काकीने विचारलं, "खयचो बरो?" तेव्हा त्यांनी सरळ आपल्या टबाकडे बोट केलं. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण ऊन अजून यायचं होतं.

ऊन आलं. आंब्यांना बारीक कैऱ्यांची कणी धरली, वारा पडला आणि दुपार तव्यासारखी तापायला लागली. बाबांच्या टबातली पानं संध्याकाळीही उभी राहीनात. माझ्या टबातली भाजी काढणीला आली होती. आता मी शाळेतून येऊन दोन टबांकडे बघायचं टाळत होते. सरळ आत जाऊन हातपाय धुवायचे. जेवताना बाबा भात चिवडत बसत. एकदा म्हणाले, "तुज्या आजयेन माका शिकवल्यान ता खोटा म्हणूचा काय गो?" मी म्हटलं, "खोटा नाय. बावीचा खरा आसा. हय बाव नाय." त्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "बावीचा तरी खंय उरला?"

ते वाक्य मला झोपू देईना. बाव खारट झाली तरी ते रोज दुपारी तिची कळशी उपडी घालत होते. ती निजलीय एवढं तरी त्यांच्याकडे होतं. आणि मी त्यांच्या पडवीत एक टब मांडून तेही खोटं ठरवत होते.

उन्हामुळे त्या शनिवारपासून शाळा सकाळची झाली. शिमगा अगदी तोंडावर होता. मी दुपारी घरी पोचले, मागच्या दाराने आत आले, आणि पडवीच्या दाराशी थांबले. बाबा लहान टबासमोर उभे होते, हातात पितळेचा तांब्या. पानं काठावरून खाली लोंबत होती. पंप बंद होता. ते बराच वेळ बघत राहिले. तांब्या झाकणावर ठेवायला हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तांब्या सरळ करून खिडकीत ठेवला, परसाकडे, बावीच्या दिशेला तोंड केलं आणि हात जोडले.

गाऱ्हाणं घालताना, म्हणजे देवाला मोठ्याने विनवताना, बाबांचा आवाज बदलतो. देवळात मानकऱ्यांच्या मागे उभे राहून ऐकून ऐकून आला असेल.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुज्या येळेर पाणी जागा करतंय. लेकरां तानेली आसत. चुकला माकला आसात ता पदरात घे, आनी हातावरचो गुण काडून नेव नको रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं. कोणीतरी हुंकार द्यावा लागतो. पडवीत दुसरं कोणी नव्हतं.

"व्हय म्हाराजा," मी दारातून म्हटलं.

त्यांनी वळून बघितलं नाही. बटण दाबलं. पंप घरघरला आणि टबाच्या आत पाणी उडाल्याचा बारीक आवाज सुरू झाला. बाबा खुर्चीवर बसले. त्यांचे हात मांडीवर उघडे पडले होते. मी जवळ जाऊन बसले. जिंकले असं तर मुळीच वाटलं नाही. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो. ऊन कलायला आलं तेव्हा सर्वांत कोवळं पान जरासं उचललं. बाबांनी ते माझ्याआधी बघितलं.

दादा शिमग्याला आला. तिकीट काढून आणलं होतं. बाबांनी ते हातात घेतलं, नीट घडी घातली आणि परत त्याच्या खिशात ठेवलं.

"कित्याक, बाबानू?"

"माका जमाचा नाय. दुपारची ड्युटी आसा माजी."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी टबाकडे बघितलं. दादाला भेटायला आलेली काकी हसून म्हणाली, "आता म्हाताऱ्याक पगार चालू कर गो टीचर."

तेव्हापासून बाबा दुपारी झोपत नाहीत. उन्हाची वेळ आली की खुर्ची टबाजवळ ओढतात आणि पंप लागतो, थांबतो, लागतो ते ऐकत बसतात. डोळे मिटतात, पण आवाज थांबला की उघडतात. दोन्ही टबांतली भाजी आता वाडीतच खपते. बावीवरची कळशी ते आता उपडी घालत नाहीत. ती काठावर सरळ असते, आणि पाऊस पडला की तिच्यात पाणी साचतं. एकदा मी ती उपडी घालून आले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुन्हा सरळ होती.

टायमरवरची 'निज' लिहिलेली पट्टी मी काढणार होते. बाबा म्हणाले, "रवांदे." तिचा एक कोपरा सुटला आहे. ते येता-जाता अंगठ्याने तो दाबतात.